फॉइलचा रोल डिकीत ठेवू नकोस, आत्या

काल रात्री आत्याचा फोन. "अरे, चार्जिंगच्या केबलला फॉइलचे किती वेढे द्यायचे?" इलेक्ट्रिक गाडी येऊन महिना नाही झाला आणि तेवढ्यात व्हॉट्सॲपवरच्या त्या लाल अक्षरांतल्या फॉरवर्डने तिला गाठलंच. तोच तो, "गन (म्हणजे चार्जरचा प्लग) लावली की हॅकर तुमच्या गाडीत". कंटाळलोय आता, म्हणून त्यातला एकेक दावा घेऊन एकदाच लिहून टाकतो.

"गन लावताच बँक खातं रिकामं." साध्या एसी चार्जिंगला (घरच्यासारखं हळू चार्जिंग) सिग्नलच्या वायरवरून जातं काय, तर 1 किलोहर्ट्झचे पल्स, त्यांच्या रुंदीवरून गाडीला कळतं की जास्तीत जास्त किती अँपिअर ओढायचे. बस. यात खातं आलं कुठून? प्लग अँड चार्जमध्येसुद्धा (गन लावली की गाडी स्वतःच ओळख पटवते आणि बिल आपोआप लागतं) जातं ते डिजिटल सर्टिफिकेट, कार्ड नंबर नाही. हां, एक मानावं लागेल, काही चार्जर गाडीला नुसत्या मॅक ॲड्रेसवरून, म्हणजे तिच्या मोडेमच्या ओळख क्रमांकावरून, ओळखतात आणि तो कॉपी केला तर तुमच्या नावावर दुसराच चार्जिंग करून जाऊ शकतो. बिल तपासा, पण गन लावायला घाबरू नका.

"हॅकर बॅटरी उडवेल." किती करंट हवा ते गाडीच मागते, आणि काही बिनसलं तर कॉन्टॅक्टर (मोठा स्विच) उघडून सप्लाय तोडायचं कामही गाडीतल्या बीएमएसचं, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेचं. पुढे चला.

"केबलला फॉइल गुंडाळा, ऑक्सफर्डने सांगितलंय." ऑक्सफर्डने फॉइल सांगितलेली नाही! पण हा शोध खरा आहे, म्हणूनच जास्त चीड येते. ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि स्वित्झर्लंडच्या आर्मासुइस या सरकारी संरक्षण संस्थेच्या संशोधकांनी 2022 मध्ये ब्रोकनवायर नावाचा हल्ला दाखवला. सीसीएस (फास्ट चार्जिंगच्या प्लगचा एक प्रकार) वापरणाऱ्या फास्ट चार्जिंगमध्ये गाडी आणि चार्जर ज्या वायरवर बोलतात तिच्यावर दोघांचे मोडेम आधी ऐकतात, कुणी बोलत नसेल तरच स्वतः बोलतात. हल्लेखोर लांबून रेडिओवर फक्त सुरुवातीचा इशारा पुन्हा पुन्हा पाठवतो, म्हणजे मीटिंगमध्ये एकजण सारखा घसा खाकरतोय आणि बाकीचे "बोलेल आता" म्हणून गप्प, तसं. शेवटी वेळ संपते आणि चार्जिंग बंद पडतं. 47 मीटरवरून, 1 वॅटहूनही कमी ताकदीत. ऐकायला भयंकर, पण परिणाम काय, तर चार्जिंग थांबलं. डेटा चोरला नाही, बॅटरीला धक्का नाही, हल्ला थांबला की गन काढून परत लावा. आणि साध्या एसीला तर लागूच नाही. या सगळ्यावर उपाय काय, तर म्हणे घरातली फॉइल. अर्धवट गुंडाळलेला पत्रा म्हणजे शिल्डिंग नव्हे, आणि शेकडो व्होल्टच्या कनेक्टरजवळ धातूचे सुटे तुकडे नेण्याची अक्कल नक्की कुणाची?

"अपडेट घेऊ नका, त्यातूनच व्हायरस येतो." हा सगळ्यात घातक. चार्जरमध्ये सापडलेल्या बऱ्याच चुका फर्मवेअरमधल्या, म्हणजे त्याच्या आतल्या सॉफ्टवेअरमधल्या, आणि त्या दुरुस्त होतात अपडेटनेच. ते बंद ठेवायचं म्हणजे चोराच्या भीतीने कुलूप दुरुस्त न करणं.

"आयएसओ 15118 गणिताने सिद्ध झालंय, तो शिक्का असला की निर्धास्त." वरच्या चार ओळी घाबरवणाऱ्या आणि शेवटी हे! आयएसओ 15118 म्हणजे गाडी आणि चार्जरने आपसात कसं बोलायचं त्याचं आंतरराष्ट्रीय मानक. प्रोव्हेरिफ, टॅमरिन अशा सॉफ्टवेअर टूल्सने प्रोटोकॉल, म्हणजे बोलण्याचे नियम, गणिताने तपासतात हे खरंय आणि ते करायलाच हवं. पण सिद्ध होतं ते कागदावरच्या मॉडेलबद्दल, गुपित फुटतंय का, तोतया घुसतोय का. त्या चार्जरचा कोड कुणी कसा लिहिलाय ते त्यात येत नाही, आणि रेडिओने वायर अडवली तर काय हेही नाही, म्हणजे ब्रोकनवायर अशा सिद्धतेच्या शेजारून आरामात निघून जातो. शिवाय आयएसओ 15118 म्हणजे नक्की कुठलं? 2014 च्या भाग 2 मध्ये प्लग अँड चार्ज सोडलं तर टीएलएस (संवाद कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) ऐच्छिक होतं, ते सक्तीचं झालं 2022 च्या भाग 20 मध्ये. बऱ्याच चार्जरवर अजून जुनंच चालतं.

आत्याला म्हटलं, चार्जिंग मध्येच थांबलं तर गन काढ, परत लाव, अपडेट आला की घे.

"आणि दोन रोल आणलेत त्यांचं काय करू?"

स्वयंपाकघरात ठेव.