भावनगरी खरोखरच ‘होयबा’ होते का?

दादाभाई नौरोजींचा गौरव करणाऱ्या मजकुराला बहुधा एक शेपूट जोडलेले असते. त्याचा आशय असा: दादाभाईंनंतर ब्रिटिश संसदेत गेलेले सर मंचेरजी भावनगरी हे इंग्रजांचे प्यादे होते, दादाभाईंना पाडण्यासाठीच हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाने त्यांना उभे केले, जागा त्यांना आयती मिळाली, आणि अकरा वर्षांत त्यांनी भारतीयांसाठी तोंड उघडले नाही. पुरावा म्हणून त्यांच्या आडनावाच्या Bhownaggree या रोमन स्पेलिंगवर तेव्हा केलेली कोटी दिली जाते: ‘बो अँड अ‍ॅग्री’, म्हणजे वाका आणि होकार द्या. कोटी झकास आहे, परंतु तेवढ्यावर एखाद्याची अकरा वर्षांची कारकीर्द निकालात काढता येत नाही.

दादाभाईंना पाडल्याचा आरोप सर्वांत लवकर निकाली निघतो. दादाभाई 1892 मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून अवघ्या 5 मतांनी निवडून आले आणि 1895 मध्ये त्याच मतदारसंघात मॅसी-मेनवेअरिंग यांच्याकडून हरले. भावनगरी त्याच निवडणुकीत, पण पूर्व लंडनमधील बेथनल ग्रीन ईशान्य या मतदारसंघातून उभे होते आणि त्यांनी हरवले ते जॉर्ज हॉवेल या उदारमतवादी पक्षाच्या जुन्या कामगार पुढाऱ्याला. दादाभाई आणि भावनगरी एकमेकांसमोर कधीच उभे राहिले नाहीत. काँग्रेसला शह देण्यासाठी आपल्या बाजूचाही एक भारतीय असावा, हा हिशेब हुजूर पक्षात होता, हे मान्य करायला हवे. मात्र पक्षाला एखाद्याचा उपयोग दिसणे आणि त्या माणसाने स्वतःचे मत गहाण टाकणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जागा आयती मिळाली, हे म्हणणेही टिकत नाही. बेथनल ग्रीन ही कष्टकऱ्यांची, दाटीवाटीची आणि गरीब वस्ती होती, आणि हॉवेल तेथे दहा वर्षे खासदार होते. भावनगरींचे मताधिक्य 160 होते. मुंबईहून आलेल्या एका परक्या काळ्या माणसाने आपल्याला हाकलले, अशा शब्दांत हॉवेल यांनी पराभवानंतर चरफड व्यक्त केली. म्हणजे वर्णद्वेषावर केवळ हुजूर पक्षाचीच मक्तेदारी होती असे नव्हे. त्या पक्षाची पाटी कोरी होती, असे अर्थातच कोणी म्हणणार नाही. ब्रिटिश मतदारसंघ काळ्या माणसाला निवडून देईल का, अशी शंका 1888 मध्ये दादाभाईंना उद्देशून जाहीर सभेत बोलून दाखवणारे लॉर्ड सॉल्सबरी हे याच पक्षाचे नेते होते, आणि सातच वर्षांनी ते पंतप्रधान असताना मुंबईत जन्मलेला, एल्फिन्स्टन कॉलेजात शिकलेला पारशी त्यांच्या बाकांवर येऊन बसला. पुढे 1900 मध्ये भावनगरी 379 च्या मताधिक्याने पुन्हा निवडून आले. सलग दोन निवडणुका जिंकणे तोवर कोणत्याही भारतीयाला जमले नव्हते.

(कॉन्झर्व्हेटिव्हला मराठीत ‘हुजूर पक्ष’ म्हटले जाते. ‘मजूर पक्षा’शी यमक जुळणाऱ्या या शब्दामुळे भावनगरींचे नाव वाचण्याआधीच मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर मुजरा करणारी आकृती उभी राहत असावी, अशी मला शंका आहे.)

भारतीयांसाठी तोंड उघडले नाही, हा आरोप सर्वांत गंभीर आहे आणि नेमका तोच सर्वांत पोकळ आहे. भावनगरी साम्राज्यनिष्ठ होते, स्वराज्याच्या मागणीला आणि काँग्रेसच्या राजकारणाला त्यांचा विरोध होता, आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. 1897 मध्ये त्यांनी सरकारकडून ‘सर’ हा किताबही घेतला. दादाभाईंचे चाहते त्यांच्यावर का चिडले, हे त्यामुळे सहज समजते. तथापि दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांचा प्रश्न त्यांनी याच साम्राज्यनिष्ठेच्या आधारावर लावून धरला. भारतीय हे राणीचे समान प्रजाजन असतील, तर नाताळ आणि ट्रान्सवालमध्ये त्यांच्या व्यापारावर, वास्तव्यावर आणि फिरण्यावर निर्बंध का, असा हा युक्तिवाद होता, आणि तो सत्ताधारी पक्षाच्याच सदस्याने करावा हे सरकारला अडचणीचे होते. ट्रान्सवालवर राज्य करणाऱ्या डचवंशीय बोअरांशी झालेल्या युद्धाचे समर्थन करताना तेथील भारतीयांच्या छळाचा दाखला ब्रिटिश मंत्र्यांनीच दिला होता; युद्ध जिंकल्यावर मात्र तेच जुने कायदे ब्रिटिश अधिकारी अधिक काटेकोरपणे राबवू लागले. या विसंगतीवर भावनगरींनी वसाहतमंत्र्यांना सविस्तर पत्र लिहिले आणि त्याची दखल घेऊन मंत्र्यांना ते दक्षिण आफ्रिकेतील ब्रिटिश उच्चायुक्त लॉर्ड मिल्नर यांच्याकडे पाठवावे लागले. गांधीजी जोहान्सबर्गहून तेथील परिस्थितीची माहिती लंडनमधील ज्या मोजक्या माणसांना नियमित कळवत, त्यांत दादाभाई आणि काँग्रेसचे ब्रिटिश पाठीराखे विल्यम वेडरबर्न यांच्याबरोबर भावनगरीही होते. ज्याच्याकडून कामाची अपेक्षाच नाही, अशा माणसाला गांधीजी इतक्या चिकाटीने पत्रे लिहीत राहिले असते, हे पटत नाही. भारतात तांत्रिक आणि औद्योगिक शिक्षण हवे, हाही त्यांचा आग्रह होता. त्याची फलनिष्पत्ती किती झाली, हा वेगळा वाद आहे. गप्प बसल्याचा आरोप त्यानेही खोटा ठरतो.

1906 च्या निवडणुकीत उदारमतवादी पक्षाची लाट आली आणि तीत भावनगरींची जागा गेली. त्याच वर्षी ट्रान्सवालमध्ये आशियाई लोकांना बोटांचे ठसे देऊन नोंदणी करायला लावणारा वटहुकूम निघाला आणि त्याविरुद्ध दाद मागण्यासाठी गांधीजी लंडनला आले. 8 नोव्हेंबरला वसाहतमंत्री लॉर्ड एल्गिन यांना भेटलेल्या शिष्टमंडळात दादाभाई होते आणि भावनगरीही होते. तेव्हा भावनगरींकडे ना खासदारकी होती, ना कोणत्या पक्षादेशाचे बंधन.