पंपाचं स्पेअर मिळतं, मग लॅपटॉपचं का नाही?

आमच्या सांगलीकर मित्रांच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर सध्या दुरुस्तीच्या हक्कावरून, म्हणजे घेतलेली वस्तू हव्या त्या कारागिराकडून दुरुस्त करून घेता यावी यावरून, जोरात वाद चालतो. निमित्त केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाच्या समितीचं. मे २०२५ मध्ये या समितीने 'दुरुस्ती निर्देशांका'चा आराखडा दिला. वस्तू किती सहज उघडते, तिची माहिती आणि सुटे भाग मिळतात का, यावर तिला गुण द्यायचे आणि ते गिऱ्हाइकाला आधीच दिसायचे, अशी कल्पना आहे. काहींच्या मते कंपन्यांना वठणीवर आणायला हे हवंच. काही म्हणतात, गल्लीतल्या दुकानात डुप्लिकेट बॅटरी टाकून घेणार आणि ती फुगली की कंपनीच्या नावाने बोंब मारणार, त्यापेक्षा अधिकृत सेंटर बरं. शेवटी दोन्हीकडची मंडळी मला म्हणतात, "तुमच्याकडे जर्मनीत बरं आहे, सगळं मिळतं."

मी येना शहरात राहतो. सगळं मिळतं हे निम्मं खरं आहे, आणि उरलेलं निम्मं सांगलीत आहे.

आधी इथलं सांगतो. लॅपटॉपचा कीबोर्ड गेला, तर पाठीवरचा सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकायचा. एचपी, डेल, लेनोवो या कंपन्या मॉडेलनुसार दुरुस्तीची पुस्तिका सगळ्यांना खुली ठेवतात. कुठला स्क्रू आधी काढायचा, कुठली रिबन केबल जपायची, हे चित्रासकट असतं. प्रत्येक भागाला नंबर असतो. लेनोवोवाले त्याला एफआरयू (जागेवर बदलता येणारा भाग) नंबर म्हणतात. पुरवठादार बदलला की एकाच बॅटरीचा नंबरही बदलतो, त्यामुळे कुठला नंबर कुठल्याऐवजी चालतो याची यादी महत्त्वाची. स्क्रीनचंही तसंच. मॉडेलच्या नावावर पॅनल मागवलं तर ३० पिनच्या जोडणीऐवजी ४० पिनचं हातात पडू शकतं; पॅनल काढून त्याच्या पाठीवरचा नंबर वाचावा लागतो. नंबर पक्का झाला की बहुतेक वेळा किंमत समोर दिसते आणि थोड्या दिवसांत भाग घरी येतो.

पण तो बसवणार कोण? इथे दुकानदार लॅपटॉप उघडून नुसता अंदाज सांगायचेही पैसे घेतो. मजुरी इतकी की तीन-चार वर्षं जुनं मशीन लोक सरळ टाकून देतात. म्हणून आमच्या थुरिंगिया राज्याने २०२१ पासून दुरुस्तीच्या खर्चातला निम्मा वाटा, १०० युरोपर्यंत, सरकारी पैशातून द्यायला सुरुवात केली. शनिवारी 'रिपेअर कॅफे' भरतात, तिथे निवृत्त इंजिनिअर फुकट मदत करतात. ही चळवळ मार्टिन पोस्टमा या बाईंनी २००९ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये सुरू केली. मला या चळवळीबद्दल आदर आहे. पण जे काम आपल्याकडे शेकडो लोकांचं पोट भरतं, ते इथे स्वयंसेवकांवर आलंय, हेही मी रोज बघतो.

आता सांगली. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात गणपती पेठेतल्या मामांच्या दुकानात पाणी शिरलं. टॅलीचा सगळा हिशेब ज्या लॅपटॉपवर होता तो भिजला. अधिकृत सेंटरने मदरबोर्ड बदलायला सांगितला. खर्च जवळजवळ नव्या मशीनएवढा. विश्रामबागच्या एका कारागिराने तोच बोर्ड रसायनाने धुतला, वाळवला, मायक्रोस्कोपखाली गंजलेले बारीक भाग बदलले आणि मशीन चालू करून दिलं. असा माणूस मला येनात शोधून सापडणार नाही. अडलं ते कीबोर्डवर आणि बॅटरीवर. कंपनीचा कीबोर्ड कंपनी त्याला विकेना. मग मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात फोन, ट्रॅव्हल्सच्या गाडीतून पार्सल, आलेला कीबोर्ड कॉपी, आणि त्याच्या दोन कळा पहिल्याच दिवशी अडकायला लागल्या. मामा चिडले तेव्हा तो म्हणाला, "मामा, ओरिजिनल मिळत असतं तर मी कॉपी कशाला लावली असती ओ?"

ग्रुपवरच्या वादाचं उत्तर मला या वाक्यात दिसतं. डुप्लिकेट बॅटरीची भीती खोटी नाही. हलक्या सेलची बॅटरी फुगते, पेटूही शकते. पण कारागिराला खरी बॅटरी विकतच मिळत नसेल, तर त्याच्या टेबलावर खोटी येणारच. काही मॉडेल्समध्ये कंपनीची नसलेली बॅटरी चार्जच होत नाही. काही अ‍ॅडाप्टरच्या मधल्या बारीक पिनेतून मशीन ओळख पटवतं. ती पटली नाही की चार्जिंग बंद आणि प्रोसेसर मंद. कंपनी याला सुरक्षा म्हणते. मला ते मान्य आहे, पण त्या कंपनीने आपला अ‍ॅडाप्टर आणि बॅटरी कुणालाही छापील किमतीत विकली पाहिजे. कुलूप लावून किल्ली फक्त स्वतःच्या सेंटरला द्यायची, हे सुरक्षेच्या नावाखाली चालू नये.

खुल्या विक्रीची सवय आपल्या जिल्ह्याला नवी नाही. पलूस तालुक्यात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली, आणि पुढे कृष्णाकाठच्या शेतीला पंपाने पाणी मिळायला लागलं. आज सांगलीत पंपाच्या दुकानात जाऊन इम्पेलर, बेअरिंग, ग्लँड, फूट व्हॉल्व्हचं वॉशर मागा. कंपनीचा माल आणि लोकल माल दोन्ही काउंटरवर येतो, दोन्हींची किंमत कळते, आणि शेतकरी डोळे उघडे ठेवून ठरवतो. पंप कुणाकडून उघडून घ्यायचा हे त्याला कंपनी सांगत नाही. लॅपटॉपवाल्यांना यापेक्षा जास्त काही नकोय.

कायद्याचं म्हणाल, तर पाया आपल्याकडे आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. मुख्य आक्षेप हाच, की सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना खुली दिली जात नाही. दंडावर पुढे अपिलं झाली, पण तत्त्व ठरलं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं. तिथे माहिती मिळते, आणि ते चांगलंच आहे, पण विश्रामबागच्या माणसाला माहितीसोबत भाग हवा.

युरोपकडे बघतानाही नीट बघा. इथे जून २०२५ पासून फोन आणि टॅब्लेटचे सुटे भाग विक्री थांबल्यावरही सात वर्षं द्यायची सक्ती आहे. दुरुस्तीच्या हक्काचा युरोपीय संघाचा २०२४ चा निर्देश ३१ जुलै २०२६ पासून लागू करायचा, असं ठरलं. पण त्याच्या वस्तूंच्या यादीत वॉशिंग मशीन, फ्रिज, फोन आहेत, लॅपटॉप नाही! आपल्या समितीचाही पहिला रोख मोबाईल-टॅब्लेटवरच. दोन्हीकडे लॅपटॉप मागे पडलाय. फ्रान्सने मात्र जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपलाही दहापैकी गुण द्यायला सुरुवात केली, आणि त्या गुणांत सुट्या भागाची किंमत नव्या वस्तूच्या मानाने किती, हे मोजलं. उचलायचं असेल तर हे उचला. स्क्रीन मिळते पण तिला लॅपटॉपच्या निम्मे पैसे पडतात, अशा मिळण्याला काही अर्थ नाही.

तोवर आमच्यासारख्यांच्या बॅगा भरत राहतात. सुटी बॅटरी विमानात चेक-इन सामानात चालत नाही. क्षमता १०० वॉट-अवरच्या आत असेल तर केबिन बॅगेत नेता येते. पोस्टाने पाठवणं त्याहून अवघड. मामांची बॅटरी मी अशीच आणून दिली. ज्यांचं परदेशात कुणी नाही त्यांनी काय करायचं?

मला वाटतं, कायद्याची वाट न बघता एक गोष्ट सांगलीतच करता येईल. जिल्हा परिषद, महापालिका, कॉलेजं लॅपटॉप घाऊक घेतात. निविदेत अट घालावी: या मॉडेलची बॅटरी, कीबोर्ड, स्क्रीन, बिजागऱ्या आणि अ‍ॅडाप्टर यांचे नंबर आणि किमती जाहीर करा, आणि हे भाग सात वर्षं कुठल्याही दुकानदाराला त्याच दरात विका. ज्या कंपनीला हे जमत नाही तिची निविदा उघडू नये. हे मी ग्रुपवर लिहिलंय, आता तुमच्यापैकी कुणी नगरसेवक किंवा प्राचार्य ओळखीचे असतील तर त्यांच्या कानावर घाला. अटीचा मसुदा करायला मी बसतो.