मूमिनचं इंग्रजी डबिंग नकली कसं?

ॲनिमे म्हणजे जपानी ॲनिमेशन बघणाऱ्यांत, मूमिन या पाणघोड्यासारख्या गोलमटोल काल्पनिक प्राण्यांच्या १९९० च्या मालिकेबद्दल एक मजकूर सारखा फिरत असतो. म्हणणं असं: मूमिन मूळचं जपानी, इंग्रजी डबिंग म्हणजे भेसळ, ओठ जुळत नाहीत, भीतीदायक भाग मिळमिळीत होतो, आणि लेखिकेलाही ही मालिका पसंत नव्हती. तेव्हा बघायचं तर जपानीतच, खाली सबटायटल लावून. ठासून सांगितलं की लोकांना पटतं, पण यातलं फारसं काही टिकत नाही.

आधी ‘मूळचं जपानी’. मूमिन फिनलंडचे. तूवे यान्सोन ही तिथली स्वीडिश बोलणारी चित्रकार. पुस्तकं तिने स्वीडिशमध्ये लिहिली. कॉमिक स्ट्रिपची गोष्ट आणखी मजेशीर आहे. ती तिच्याकडून मागवली लंडनच्या लोकांनी, आणि ‘इव्हनिंग न्यूज’ या सायंदैनिकात ती सप्टेंबर १९५४ पासून येऊ लागली. तूवे मजकूर स्वीडिशमध्ये लिहायची, धाकटा भाऊ लार्स त्याचं इंग्रजी करायचा, आणि छापलं जायचं ते इंग्रजी. म्हणजे या स्ट्रिपमधले मूमिन वाचकांशी पहिल्यांदा बोलले तेच मुळी इंग्रजीत! पुढे रोजच्या रतीबाला तूवे कंटाळली, तेव्हा लार्सनेच स्ट्रिप हातात घेतली आणि १९७५ पर्यंत चालवली. १९९० च्या मालिकेच्या पटकथांवर यान्सोन भावंडांची नजर होती, त्यातही लार्सची जास्त. मालिकाही एकट्या जपानची नाही: निर्माता डेनिस लिव्हसन फिनलंडचा, कंपनी नेदरलंड्सची, ॲनिमेशन जपानमधलं. काही भाग पुस्तकांवरून घेतलेले, काही स्ट्रिपवरून. उलट जपानी संवाद नीट ऐका. मूमिनचा भटका मित्र स्नफकिन, त्याला ते ‘सुनाफुकिन’ म्हणतात. हे नाव स्वीडिशवरून नव्हे, इंग्रजीवरून आलं आहे.

ओठांचं म्हणाल, तर जपानमध्येही ॲनिमेचे आवाज सहसा चित्रांवरच चढवतात. याला तिथे ‘आफुरेको’ म्हणतात. कधी चित्रं पुरी झालेली असतात, कधी अर्धीमुर्धी. तोंडाच्या आकृत्या बहुधा तीनच: मिटलेलं, अर्धं उघडं, पूर्ण उघडं. कोणत्या अक्षराला कोणता आकार, हा हिशेब फारसा नसतोच. तोंड हलायला लागल्यावर बोलणं सुरू झालं आणि थांबल्यावर थांबलं की भागतं. इंग्रजी लिहिणाऱ्याची कसरत वेगळीच असते. अर्थ चार शब्दांत संपतो आणि तोंड अजून हलतंय, मग भरीला काहीतरी घालावं लागतं. कधी ते ऐकताना खटकतं, हे कबूल. पण दूरदर्शनवर हिंदीतून आलेली जंगल बुकसुद्धा जपानी स्टुडिओचीच होती. नानाचा शेरखान गुरगुरत असताना त्याचे ओठ कोणी तपासले होते?

‘डबिंगमुळे भीती गेली’ हा आरोप मला सर्वांत विचित्र वाटतो. मालिकेतली भीतीदायक ग्रोक आठवा. करडी, टेकडीएवढी, दोन गोल डोळे, दातांची एक ओळ. ती जिथे बसते तिथली जमीन गोठते. ती सावकाश सरकत येते, गवत पांढरं पडत जातं, खिडकीतले दिवे तिला ओढून आणतात. आणि ती बोलते किती? जवळजवळ नाहीच. जिथे संवादच नाही तिथे डबिंग काय बिघडवणार? ब्रिटनमध्ये ही मालिका इंग्रजीत बघत वाढलेले लोक आजही ग्रोकचं नाव काढलं की शहारतात.

जपानी आवाज सरस आहेत, एवढंच म्हणणं असेल तर माझं भांडण नाही. मिनामी ताकायामाचा मूमिन फारच गोड आहे. हीच बाई पुढे ‘डिटेक्टिव्ह कोनान’ या ॲनिमेतल्या कोनानचा आवाज झाली. पण ही आवड झाली. तिच्यावरून अस्सल-नकली ठरत नाही.

राहता राहिली लेखिकेची नाराजी. ती खरी होती, फक्त मालिका दुसरी. १९६९ ला जपानमध्ये एक मूमिन मालिका निघाली होती, तिच्यात मारामाऱ्या, मोटारी, पैसा असं बरंच काही घुसडलं होतं. तूवेने हरकत घेतली आणि ती मालिका जपानबाहेर विकू दिली नाही. त्या नाराजीचं खापर १९९० च्या मालिकेवर, तेही तिच्या इंग्रजी डबिंगवर, फोडलं जातंय. गंमत म्हणजे लेखिकेला नको होती ती मालिका जपानीतच होती.