मामा, बंदूक ओव्हनमध्ये घालू नका

परवानाधारकांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: जुन्या बंदुकीवरची कोरीव अक्षरं घरच्या घरी नव्यासारखी करा. लिंबू-मीठ चोळून अक्षरं उजळा, उथळ वाटली तर सुईने किंवा छोट्या ग्राइंडरने खोल करा, नेलपेंट भरा, वर आलेलं ब्लेडने खरवडा आणि ओव्हनमध्ये २०० अंशांवर २० मिनिटं भाजा. रंग जन्मभर टिकतो, गंज धरत नाही, आणि नंबरही रंगवला तर छान दिसतो. काल हा मेसेज माझ्या मामांनी मला पाठवला, खाली फक्त दोन शब्द लिहून: "करू का?" त्यांच्याकडे पीक राखायला घेतलेली दुनळी बारा बोअर आहे. दुनळी हातात असलेल्या माणसाला कुणी ओव्हन सुचवतो, याची मला मनापासून चीड येते. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी ओव्हनचंच घेऊ. दुनळीच्या दोन नळ्या आणि त्यांच्यामधली लांब पट्टी बहुतेक बंदुकांत शिसं-कथलाच्या सोल्डरने जोडलेली असते. हे सोल्डर १८३ अंशांपासून वितळायला लागतं. मेसेज सांगतो २००. त्यातून घरच्या ओव्हनचा काटा दहा-वीस अंश सहज चुकतो. नळ्या बाहेर काढल्यावर बघायला सगळं जागच्या जागी दिसेल, पण पट्टीचा सांधा कुठेतरी सुटलेला असेल. त्या फटीत तेल आणि पावसाळी दमट हवा शिरते आणि दोन नळ्यांच्या मधल्या, कधीच न दिसणाऱ्या जागी नळी गंजत जाते. ज्या भिंतीने काडतुसाचा दाब सोसायचा, तीच पातळ होते.

सांधा पक्का आहे का हे तपासायची जुनी रीत आहे. बंदूक रिकामी करून नळ्या सुट्या करा, खालच्या हुकाला दोरी बांधून लटकवा आणि बोटाच्या पेराने हलकेच टकटक करा. सांधा शाबूत असेल तर घंटेसारखा लांब नाद येतो. 'थप्प' असा बसका आवाज आला तर पट्टी सुटली असं समजायचं आणि बंदूक न चालवता कारागिराकडे न्यायची. तो पट्टी काढून पुन्हा बसवतो आणि सगळ्या नळीचं ब्लूइंग, म्हणजे तिचा काळा-निळा रंग, नव्याने करतो. चार अक्षरांच्या रंगापायी एवढा खर्च ओढवून घ्यायचा?

भाजायची कल्पना आली कुठून, तेही सांगतो. बंदुकांवर फवारायचे काही सिरॅमिक लेप खरोखरच ओव्हनमध्ये पक्के करतात, पण साधारण १२० अंशांवर, दोन तास, आणि ते काम करणारा कारागीर सोल्डरचा सांधा कुठे आहे ते आधी पाहतो. नेलपेंटला भाजायची गरजच नाही. ते हवेत सुकतं. तापवलं तर त्यात बुडबुडे येतात.

लिंबू-मीठ. हे पितळेच्या तांब्यासाठी ठीक आहे. बंदुकीचा काळा-निळा रंग म्हणजे वरून दिलेला पेंट नव्हे. पोलादाच्या पृष्ठभागावरच तयार केलेलं लोखंडाचं काळं ऑक्साइड असतं ते, आणि फार पातळ असतं. आम्ल ते खाऊन टाकतं. लिंबू, चिंच, व्हिनेगर, गंज काढायची औषधं, सगळ्यांचा परिणाम तोच. अक्षरांभोवती करडा, उघडा डाग पडतो आणि मिठाचा अंश राहिला असेल तर कोकणातल्या हवेत दुसऱ्या दिवशी तिथे तांबूस बुरशीसारखा गंज दिसतो. अक्षरं स्वच्छ करायला ॲसिटोन किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश पुरे. त्यांनी ब्लूइंगला काही होत नाही. मात्र दस्त्याच्या पॉलिशला आणि प्लॅस्टिकच्या भागांना ॲसिटोन लागू देऊ नका.

आता सुई, ग्राइंडर आणि ब्लेड. इथे नुसती बंदूक खराब होण्यावर भागत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ चं कलम ८ वाचा. शस्त्रावरचं नाव, नंबर किंवा ओळखीची कुठलीही खूण पुसायची, काढायची, बदलायची किंवा खोटी उमटवायची नाही, असं ते स्पष्ट सांगतं. त्याच कलमात पुढे आहे की अशी खूण पुसलेलं वा बदललेलं शस्त्र ज्याच्याकडे सापडेल, त्यानेच ते केलं असं गृहीत धरलं जाईल आणि तसं नाही हे त्याने सिद्ध करायचं. शिक्षा कलम २५ मध्ये आहे. "मी फक्त अक्षर ठसठशीत करत होतो" हे तुम्हाला कोर्टात पटवून द्यावं लागेल.

कोरलेल्या नंबराची खोली किती कमी असते याचा अंदाज यावा म्हणून एक आकडा देतो. अमेरिकेत नंबर कमीत कमी ०.००३ इंच खोल हवा असा नियम आहे. म्हणजे मिलिमीटरचा तेरावा हिस्सा, झेरॉक्सच्या कागदाच्या जाडीहूनही कमी. एवढ्या उथळ अक्षरावर ब्लेड किंवा पॉलिश पेपर फिरवला तर ३ चा ८ कधी वाटायला लागला ते कळणार नाही. परवान्याच्या नूतनीकरणाला आणि निवडणुकीत बंदूक ठाण्यात जमा करताना हवालदार तोच नंबर परवान्याशी ताडून बघतो. अक्षरात रंग भरणं हाच गुन्हा आहे, असं मी म्हणत नाही. पण नंबर आणि नळीखालचे चाचणीचे शिक्के यांना हात लावू नका, रंगाचाही नाही. चिकट रंगाने आकडे बुजले तर प्रश्न तुम्हालाच विचारले जातील.

नेलपेंटबद्दल थोडं खरं आहे, तेवढं कबूल करतो. ते भरता येतं आणि दिसतंही बरं. पण मिनिटाभरात सुकतं, आकसतं, पुढे टवके उडतात आणि नळी साफ करायच्या सॉल्व्हंटचा थेंब पडला की विरघळतं. त्यापेक्षा साधा इनॅमल ऑइलपेंट चांगला, ५० मिलीचा डबा जन्मभर पुरतो.

हा रंग भरायची रीत अशी. बंदूक उघडून काडतुसांच्या दोन्ही कोठ्या रिकाम्या आहेत हे डोळ्यांनी आणि बोटाने पाहा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा, नळ्या सुट्या करा. लाकडाला मास्किंग टेप लावा. अक्षरांतलं तेल पूर्ण काढा, कारण रंग न धरण्याचं पहिलं कारण तेच असतं. ॲसिटोनने दोनदा घासा आणि दहा मिनिटं सुकू द्या. रंग टूथपिकच्या टोकाने अक्षरात सोडा, थोडा वर आला तरी चालेल. ५ ते १० मिनिटांनी तो जरा चिकट झाला की जुन्या एटीएम कार्डाभोवती सुती कापड ताणून गुंडाळा, त्याला टर्पेंटाइनचा नुसता ओलावा द्या आणि अक्षरांना आडवं, एकाच दिशेने पुसा. कापड निथळत असेल तर रंग अक्षरातूनही निघून येतो. कापसाचा बोळा वापरू नका, तो खाचेत शिरून रंग उपसतो. कमी वाटलं तर दुसरा हात २४ तासांनी. त्यानंतर आठवडाभर तिथे तेल लावू नका. लेझरने नुसती खरवडलेली अक्षरं असतील तर रंग टिकणार नाही, तो नाद सोडा.

रंगाने गंज थांबतो हे खोटं. खाचेत ओल अडकली असेल तर गंज रंगाखाली वाढतो आणि महिनोन्महिने दिसत नाही.

जुन्या इंग्लिश दुनळ्यांवर सेफ्टीपाशी, म्हणजे चाप अडवणाऱ्या कळीपाशी, सोनेरी अक्षरं असतात, तीही 'रंगच' असल्याचं मेसेजमध्ये म्हटलंय. पुष्कळ बंदुकांत ते खरं सोनं असतं, खाचेत तार ठोकून बसवलेलं. आपल्याकडच्या कोफ्तगरीत तर सोन्याची तार पोलादावर बारीक जाळी कोरून वरूनच ठोकतात, आणि असं काम ब्लेडच्या एका फटकाऱ्यात निघून येईल.

मामा, तुमच्या बंदुकीवर भरायचंच असेल तर बाजूच्या पट्टीवरचं कंपनीचं नाव पांढऱ्या रंगाने भरा आणि सेफ्टी पुढे सरकवल्यावर (म्हणजे बंदूक चालायला तयार असताना) उघड्या पडणाऱ्या जागेवर लाल ठिपका द्या. संध्याकाळच्या उजेडात तो खरंच उपयोगी पडतो. बाकी सगळं आहे तसं राहू द्या.