गिरणीतले २९३ दिवे : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

अमेरिकेतल्या कारखान्यांवरच्या आणि सुधारकांवरच्या माझ्या लेखाला तुम्ही दिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की कामाचे तास चळवळींनी कमी झाले नाहीत. यंत्रं सुधारली, पैसा वाढला आणि तास आपोआप उतरले. शहाण्या मालकांनी ते स्वतःहून उतरवले आणि मोटारी बनवणाऱ्या हेन्री फोर्डनं दिलेली दिवसाला पाच डॉलर मजुरी हा त्याचा पुरावा. शिवाय लॉवेलच्या, म्हणजे मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या कापडगिरण्यांच्या गावातल्या, मुली गिरणीत स्वखुशीनं आल्या होत्या, मी मात्र त्यांना कैदी करून टाकलं.

शेवटचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. न्यू इंग्लंडमधल्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येकडच्या राज्यांतल्या, शेतकऱ्याच्या मुलीला स्वतःच्या हातात रोख पैसा मिळायच्या वाटा फार थोड्या होत्या. लॉवेलनं ती वाट दिली. या मुली कंपनीच्या बोर्डिंगात राहायच्या, संध्याकाळी व्याख्यानांना जायच्या, स्वतःचं मासिक चालवायच्या. हे सगळं मी एका ओळीत उरकलं, ती माझी चूक. पण याच मुलींनी १८३४ मध्ये मजुरी कापली म्हणून आणि १८३६ मध्ये बोर्डिंगचा खर्च त्यांच्यावर टाकला म्हणून काम बंद पाडलं. खुशीनं आलो म्हणजे पडेल ते सोसायचं, असं त्यांनी तरी मानलं नाही.

आता तासांचं. १८४५ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळापुढे दहा तासांच्या दिवसासाठी सह्यांचे अर्ज आले आणि एका समितीनं गिरणीतल्या बायकांच्या साक्षी घेतल्या. एलायझा हेमिंग्वे ही मागावर काम करणारी. तिनं सांगितलं, उन्हाळ्यात काम सकाळी पाचला सुरू होतं आणि संध्याकाळी सातला संपतं. न्याहारीला अर्धा तास, जेवणाला पाऊण तास. वर्षातले आठ महिने जेवणालाही अर्धाच तास. तिच्या खोलीत १३० बायका, ११ पुरुष आणि ११ ते १४ वयाची १२ मुलं. त्या खोलीत संध्याकाळी २९३ लहान आणि ६१ मोठे दिवे पेटायचे, कधीकधी सकाळीही. हवा चांगली नसते, असं ती म्हणाली. सूत तुटू नये म्हणून गिरण्यांत हवा दमट ठेवत, खिडक्या बंद असत. साडेतीनशे दिव्यांचा धूर जाणार कुठे?

एका विणकरणीनं दिवे मोजून समितीपुढे आकडा ठेवावा, हे मला फार मोठं वाटतं. (आपल्याकडे १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वतीनं जो अर्ज केला, त्यातही रविवारच्या सुट्टीबरोबर दुपारच्या अर्ध्या तासाची मागणी होती. तिकडचा आणि इकडचा अर्धा तास मला नेहमी एकत्रच आठवतो.)

समितीनं काय म्हटलं? तास जास्त आहेत, पण उपाय आमच्या हाती नाही. कला आणि विज्ञान पुढे जाईल, माणसाचा पैशाचा लोभ कमी होईल, तसं हे सुधारेल. तुमचा मुद्दा तोच आहे. फरक एवढाच, की त्यानंतर काय झालं हे आज आपल्याला ठाऊक आहे. १८४७ मध्ये शेजारच्या न्यू हॅम्पशरनं दहा तासांचा कायदा केला. पण कामगारानं करार करून जास्त तास कबूल केले तर चालेल, अशी फटही ठेवली. गिरण्यांनी लगेच करारांवर सह्या घ्यायला सुरुवात केली. सही नाही तर काम नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये बायका-मुलांसाठी दहा तासांचा कायदा व्हायला १८७४ उजाडलं. मधल्या २९ वर्षांत यंत्रं सुधारली नव्हती का? चांगली सुधारली होती. एकेका बाईकडे आधीपेक्षा जास्त माग आले.

फोर्डचं उदाहरण तुम्ही दिलंत ते बरं झालं. १९१४ मध्ये त्यानं दिवसाची मजुरी पाच डॉलर केली आणि पाळी आठ तासांची केली, हे खरं. पण १९१३ मध्ये त्याच्या कारखान्यात माणसं टिकतच नव्हती; वर्षभरात सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण ३७० टक्के होतं, म्हणजे एकेका जागेवर वर्षात तीन-चार वेळा माणूस बदलायचा. असेंब्ली लाइनवरचं, म्हणजे सरकत्या पट्ट्यावरचं, तेच ते काम लोकांना सोसवत नव्हतं, आणि ते पायांनी तसं सांगत होते. संप नव्हता, पण दबाव कामगारांचाच होता. शिवाय पाच डॉलर सरसकट नव्हते. कंपनीची माणसं घरी येऊन बघायची : घर स्वच्छ आहे का, दारू पितो का, पैसे साठवतो का. सुरुवातीला बायकांना त्यात धरलंही नव्हतं. पुढे महामंदी आली, तेव्हा फोर्डकडची मजुरीही खाली आली. मालकानं मनानं दिलेलं मालक मनानं काढून घेऊ शकतो, एवढंच मला लेखात म्हणायचं होतं.

१९३८ चा अमेरिकेचा केंद्रीय कामगार कायदा मात्र मी जरा जास्तच उजळून लिहिला. किमान वेतन ताशी २५ सेंट ठरलं खरं, पण शेतमजूर आणि घरकाम करणारे त्यातून वगळले गेले, आणि दक्षिणेत ही कामं करणाऱ्यांत कृष्णवर्णीय मोठ्या संख्येनं होते. लॉवेलच्या मागांवरचा कापूसही त्यांच्याच गुलाम पूर्वजांनी वेचलेला. हे तुम्ही विचारलं नाहीत, पण तुम्हाला उत्तर लिहिताना माझ्याच लेखातली ही उणीव मला जास्त टोचली.

लॉवेलचा आणि १९३८ चा, असे दोन्ही परिच्छेद आज रात्री दुरुस्त करतो. फोर्डचा आहे तसाच ठेवतोय.