जेटीवरचं बाकडं आणि कराचीचं पतन

युद्ध जिंकायचं तर आधी बसायला जागा बरी हवी. आमच्याकडे विजयदुर्गच्या जेटीवर चहाच्या टपरीला लागून एक बाकडं आहे. त्याचा एक पाय आखूड, म्हणून खाली नारळाची करवंटी सारलेली. समोर वाघोटन खाडीचं तोंड, एका अंगाला किल्ला. तुम्ही मे महिना गाठावा. तेव्हा चाकरमानी आलेले असतात, आंब्याच्या पेट्या भरायचं काम घरी वहिनी आणि गडी करत असतात, आणि मोबाईलला दोन दांड्या का होईना, रेंज येते. या बाकड्यावर बूड टेकलं की तुम्ही संरक्षणतज्ज्ञ. परीक्षा नाही, वयाची अट नाही. पोहता आलं नाही तरी चालतं.

सुरुवात मोजणीपासून करा. रणगाडे किती, विमानं किती, पाणबुड्या किती. हे पाठ करण्याचीही गरज नाही, कारण 'ग्लोबल फायरपॉवर' नावाची यादी मोबाईलवर फुकट मिळते. साठांहून जास्त निकष लावून ती देशांना दहावीच्या निकालासारखे नंबर देते. 2025 च्या यादीत भारत चौथा, पाकिस्तान बारावा. चार आणि बारा, विषय संपला. त्या यादीत अण्वस्त्रं धरतच नाहीत, असं कोणी मध्येच बोललं तर 'तो वेगळा विषय आहे' म्हणून चहाचा घोट घ्यावा. 2022 च्या यादीत रशिया दुसरा आणि युक्रेन बाविसावा होता, ही माहिती तर खिशातच ठेवा. त्या वर्षी एप्रिलमध्ये, ज्याच्याकडे नाव घेण्यासारखं आरमार उरलं नव्हतं त्या बाविसाव्याने दुसऱ्याची 'मोस्कवा' ही काळ्या समुद्रातली मुख्य युद्धनौका बुडवली. रशियाने सांगितलं, बोटीवर आग लागली आणि वादळात ओढून नेताना ती बुडाली. बाकडी सगळीकडे असतात.

मोजताना एक पथ्य पाळायचं: आपलं सामान यादीवरून मोजायचं आणि शत्रूचं विनोदावरून. आपल्या हवाई दलाला 42 स्क्वॉड्रन, म्हणजे लढाऊ विमानांच्या तुकड्या, मंजूर आहेत. 'मंजूर' हा शब्द तुम्हाला गावच्या पुलामुळे चांगला ठाऊक असेल, पण इथे तो 'आहेत' असाच वाचायचा. 26 सप्टेंबर 2025 ला शेवटचं मिग-21 सेवेतून गेलं तेव्हा प्रत्यक्षात 29 उरल्या. हे विमान आपल्याकडे 1963 मध्ये आलं. त्या वर्षी जन्मलेली माणसं त्याच्या आधी पेन्शनीत गेली. बाकड्यावर हे बोललात तर कोणीतरी तुम्हाला 'निगेटिव्ह' म्हणेल. त्यापेक्षा 42 म्हणावं. आकडा गोल नाही, पण भरदार आहे.

आता मुख्य पराक्रमाकडे वळू. 2025 च्या मे महिन्यात भारत-पाकिस्तान संघर्ष पेटला होता, तेव्हा 8 तारखेच्या रात्री आमच्या बाकड्यावर कराची तीनदा पडली. मी स्वतः हजर होतो. वाहिन्यांवर सायरन वाजत होते, निवेदक उभे राहून ओरडत होते, आपल्या नौदलाने कराची बंदर भाजून काढल्याच्या बातम्या एकावर एक येत होत्या. माझा भाचा कांदिवलीहून आलेला. त्याने मोबाईलवर आगीचे लोळ दाखवले आणि कोणतं क्षेपणास्त्र कुठून सुटलं तेही समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी कळलं की कराची बंदर जिथल्या तिथे आहे. त्या दिवसांत फिरलेल्या अशा चित्रफितींपैकी काही तर 'आर्मा 3' नावाच्या व्हिडिओ गेममधल्या होत्या, आणि त्या सीमेच्या दोन्ही बाजूंनी तेवढ्याच भक्तिभावाने पाहिल्या गेल्या. बंदर पडलं नाही म्हणून भाचा दोन दिवस बंदरावरच नाराज होता.

तुमच्यावर असा प्रसंग आला तर खचू नका. 10 मेला शस्त्रविराम झाला, आणि त्यानंतर आपणही जिंकलो, तेही जिंकले. 20 मेला पाकिस्तानने त्यांच्या लष्करप्रमुखांना फील्ड मार्शल केलं. इतका समाधानकारक सामना मी दुसरा पाहिलेला नाही. पूंछमध्ये तोफगोळ्यांनी साधी माणसं मेली, ती कोणत्या रकान्यात धरायची, ते मात्र यादीत कुठे दिलेलं नाही.

तिकडची बाकडी आपल्याहून जुनी आहेत, हेही मोठ्या मनाने मान्य करा. 1965 च्या सप्टेंबरात त्यांच्या जहाजांनी एका रात्री येऊन द्वारकेवर शेकडो गोळे टाकले. नुकसान किरकोळ झालं, पण 8 सप्टेंबर हा त्यांचा नौदल दिन आजही थाटात होतो. आपली 'विक्रांत' ही विमानवाहू नौका तेव्हा कुठे होती, असं तुम्हाला विचारतील. ती मुंबईत गोदीत दुरुस्तीला होती. यादीत मात्र होती.

इतिहासाशिवाय बाकड्यावर वजन पडत नाही. आमच्याकडे तो हाताशीच उभा आहे. कान्होजी आंग्र्यांपासून सुरू करा. 1720 मध्ये मुंबईचे इंग्रज विजयदुर्गावर चालून आले, तेव्हा त्यांनी 'फ्राम' नावाचा तरंगता तोफखाना मुद्दाम बांधून आणला होता. सपाट बुडाचा, वजनदार तोफांचा. मुंबईत त्याची भलतीच हवा होती. किल्ल्यासमोर येऊन त्याने काही उजेड पाडला नाही. हे सांगताना छाती जरूर काढा, आम्हीही काढतो. मग 1729 ला कान्होजी गेले असं म्हणून दोन क्षण थांबा आणि भजी मागवा. पुढे जाऊ नका.

कारण पुढे गेलात तर 1755 लागतं. तोवर आंग्रे या नावाची इंग्रजांना अशी धास्ती बसली होती की या किनाऱ्यावरचे किल्ले घेता येतील, हेच त्यांना खरं वाटत नव्हतं. एप्रिलमध्ये विल्यम जेम्स नावाचा त्यांचा कमोडोर हर्णैसमोरच्या सुवर्णदुर्गावर गेला आणि दोन-तीन दिवसांत तो घेऊन मोकळा झाला. मग त्याला विजयदुर्ग पाहून यायला धाडलं. हा माणूस अगदीच अडाणी. बाकड्यावर बसून यादी करायची सोडून तो बोटी घेऊन इथवर आला, पाण्याची खोली मोजली, तट न्याहाळला आणि परत जाऊन सांगितलं की ऐकत होतो तसं तिथे काही नाही.

फेब्रुवारी 1756 मध्ये अॅडमिरल वॉटसन समुद्रातून आला, क्लाइव्ह फौज घेऊन त्याच्याबरोबर होता. आंग्र्यांचं आरमार बंदरात एकमेकांना बांधून ठेवलेलं होतं. एक पेटता गोळा एका जहाजावर पडला. ते जहाजही पूर्वी इंग्रजांकडूनच पकडलेलं. त्याची आग शेजारच्याला लागली, शेजारच्याची पलीकडच्याला. दोन पिढ्या ज्या गलबतांच्या नावाने मुंबईची झोप उडायची, ती दावणीच्या गुरांसारखी जागच्या जागी जळाली. दुसऱ्या दिवशी किल्ला इंग्रजांच्या हातात होता.

आता यातला सर्वांत अवघड भाग. जमिनीवरून इंग्रजांच्या मदतीला कोण आलं होतं? पेशव्यांची फौज. विजयदुर्गचा तेव्हाचा धनी, कान्होजींचा मुलगा तुळाजी आंग्रे पुण्याला जुमानत नव्हता, म्हणून नानासाहेबांनी परक्याला हाताशी धरलं. कोणाचंही बळ मोजताना भावकी किती ते आधी बघायचं असतं, हे कोकणात सातबारावर आठ नावं असलेला कोणीही सांगेल. लुटीचे वाटे कसे करायचे, ते इंग्रजांनी मुंबईहून निघण्याआधीच ठरवलं होतं आणि त्यात पेशव्यांचा वाटाच धरला नव्हता. मोबाईलवरच्या यादीतल्या साठ निकषांपैकी कोणत्या निकषात हे बसतं?

किल्ला दाखवणारा गाईड तुम्हाला पाण्याखालच्या भिंतीची गोष्ट सांगेल. शत्रूची जहाजं तिच्यावर आपटून फुटायची म्हणतात. किल्ल्याजवळ समुद्रात पाण्याखाली बांधकाम आढळलेलं आहे, ते खोटं नाही. फक्त 1756 मध्ये ती भिंत कुठे होती, असं त्याला विचारू नका. पोट त्याचंही आहे.

यावर भाचा म्हणतो, मामा, 1971 सांगा की. सांगावंच, कारण ती गोष्ट खरंच झकास आहे. 'विक्रांत'च्या एका बॉयलरला तडा गेला होता, वेग मर्यादित झाला होता. तिच्या शिकारीला पाकिस्तानची 'गाझी' ही पाणबुडी निघालेली. मग आपल्या नौदलाने हवा केली: विक्रांत विशाखापट्टणमलाच आहे. 'राजपूत' ही जुनी विनाशिका तिच्या नावाने बिनतारी संदेशांचा गलका करत राहिली, गावात शिधासामानाच्या दांडग्या ऑर्डरी गेल्या. खरी विक्रांत तेव्हा दूर अंदमानच्या बाजूला होती. गाझी विशाखापट्टणमसमोरच बुडाली. कशी बुडाली, याची दोन्हीकडे आजही दोन उत्तरं आहेत. त्याच सुमाराला, 4 डिसेंबरच्या रात्री, आपल्या क्षेपणास्त्र बोटी कराचीवर गेल्या. बोटी छोट्या, मुळात किनाऱ्याच्या राखणीसाठी घेतलेल्या, पल्ला इतका कमी की वाटेत मोठ्या जहाजांनी त्यांना ओढून न्यावं लागलं. त्यांनी 'खैबर' आणि 'मुहाफिज' या पाकिस्तानी युद्धनौका बुडवल्या. आपला नौदल दिन तो हाच, 2023 मध्ये आमच्याच जिल्ह्यात तारकर्लीला झाला. मात्र पाच दिवसांनी त्यांच्या 'हँगोर' पाणबुडीने आपली 'खुकरी' ही युद्धनौका दीवजवळ बुडवली, ते त्याच दमात सांगू नका. टाळीची लय बिघडते.

बारकाईने बघणारा कोणी असलाच तर त्याच्या लक्षात येईल की या गोष्टीत तडा गेलेलं जहाज, जुनी विनाशिका आणि ओढून न्यायच्या होड्या आहेत. यादीत शोभेल असं काही नाही. शिवाय खोटी हवा शत्रूच्या कानात भरलेली आहे. आपण ती आपल्याच कानात भरून घेतो, हा फरक बाकड्यावर काढू नये.

आणि बाकड्यावर कोणाला बसू द्यायचं नाही, हे सर्वांत महत्त्वाचं: आमचे आबा तांडेल. चाळीस वर्षं ट्रॉलरवर काढलेला हा म्हातारा पलीकडच्या टोकाला जाळं विणत बसतो. भाचा पाणबुड्यांची बेरीज करत होता, तेव्हा आबांनी सुई न थांबवता विचारलं, "बोटी किती ता कळला. ह्येतल्यो चलतत किती?"

भाच्याने यादी वरखाली केली. तो रकाना नव्हता.

आबांची ही खोड जुनी आहे. 1993 मध्ये आरडीएक्स रायगडात शेखाडी आणि दिघीला उतरलं, ते पाणबुडीतून नव्हे, साध्या बोटींतून. 2008 ला दहशतवादी मुंबईवर आले ते आपल्याच मच्छीमारांचा 'कुबेर' हा ट्रॉलर पळवून. आबांना या दोन्ही तारखा पाठ आहेत, विमानवाहू जहाजांचे आकडे मात्र सांगता येत नाहीत. असा माणूस चर्चेची पातळी खाली आणतो.

तरी भाच्याने त्यांना गप्प करायला हरिहरेश्वर काढलं. 18 ऑगस्ट 2022 ला तिथे किनाऱ्याजवळ एक नौका सापडली, आत तीन एके-47. वाहिन्यांवर दिवसभर हल्ला सुरू होता. संध्याकाळपर्यंत कळलं की नौका एका ऑस्ट्रेलियन बाईच्या मालकीची आहे, इंजिन बिघडल्यामुळे जूनमध्ये मस्कतजवळ खलाशांनी सोडून दिलेली, आणि भर पावसाळ्यात वाहत वाहत इकडे आलेली. बघा, म्हणाला भाचा, काहीच नव्हतं. उगाच घाबरले सगळे.

आबांची सुई या वेळी थांबली. "इंजिन बंद, आत मानूस नाय, दोन म्हयने दर्यार वाहत इली. आणि ती येयसर कोणीच कसा बघूक नाय?"

असा प्रश्न आला की वाद घालू नये. घड्याळाकडे बघावं, देवगडची एसटी आली म्हणावं आणि उठावं. मात्र उठताना बेतानं. करवंटी निसटते, आणि दुसऱ्या टोकाला आबा बसलेले असतात.