उपमा राहिली, नाव पुसलं

डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र शासनाने एका मराठी अनुवादाला जाहीर केलेला पुरस्कार रद्द केला, निवड समितीही बरखास्त केली. कारण, मूळ लेखकाचे माओवाद्यांशी संबंध असल्याचा आरोप. कझाखस्तानातल्या अल्माटीत बसून मी घरच्या ग्रुपवरचा वाद वाचत होते. पुस्तक एकानेही वाचलेलं नव्हतं, पण लेखक 'त्यांचा' की 'आपला' हे सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. मला खरी धास्ती वाटली ती याची.

शिक्का बसला की काय होतं, हे या शहराने भोगलंय. अहमेत बैतुर्सिनोव्ह यांनी १९२६ साली कझाख साहित्यशास्त्राचा पायाभूत ग्रंथ लिहिला. परिभाषा त्यांनी बोलीतूनच घडवली. उपमेला कझाखमध्ये 'तेङेउ' म्हणतात, म्हणजे एकाला दुसऱ्याच्या बरोबरीला आणणं. १९३७ मध्ये 'बूर्झ्वा राष्ट्रवादी' ठरवून सोव्हिएत राजवटीने त्यांना गोळ्या घातल्या. १९८८ साली ते निर्दोष ठरले. तोवर वर्गावर्गांत 'तेङेउ' शिकवलं जात होतं, ग्रंथकर्त्याचं नाव मात्र घेता येत नव्हतं. माझ्या शेजारच्या आपाय (वडीलधाऱ्या बाईंना इथे आदराने असं म्हणतात) निवृत्त शिक्षिका आहेत. कित्येक वर्षं तो शब्द शिकवला, कुणाचा ते ठाऊक नव्हतं, हे सांगताना त्यांचा आवाज आजही कापतो.

कझाख कादंबरीकार मुख्तार औएझोव्ह १९३० मध्ये तुरुंगात गेले आणि १९३२ मध्ये स्वतःच्याच जुन्या लेखनाचा जाहीर निषेध करून सुटले. इतिहासकार बेकमाखानोव्ह यांच्यावर १९५०च्या डिसेंबरात 'प्रावदा' या सोव्हिएत पक्षाच्या मुखपत्रात टीकालेख आला. दोन वर्षांत पंचवीस वर्षांची शिक्षा झाली. टीकालेखाला उत्तर द्यायची सोयच नव्हती.

गावाकडचे डावे मित्र म्हणतात, त्या सोव्हिएत राजवटीने गावोगाव शाळा आणि स्वस्त पुस्तकं नेली, ते विसरू नकोस. विसरत नाही. आपाय त्याच शाळांत शिकल्या. आणि आपल्याकडे निषेध म्हणून लोकांनी राजीनामे दिले, वर्तमानपत्रांनी अग्रलेख लिहिले, त्यासाठी कुणी तुरुंगात गेलं नाही. हा फरक फार मोठा आहे, तो जपायलाच हवा. पण पुस्तक न उघडता लेखकाची जात-पात, पक्ष-पंथ पाहून निकाल द्यायची सवय दोन्ही बाजूंना आहे. 'प्रतिगामी' म्हणणारेही त्यात आलेच.

ग्रुपवर मी एवढंच लिहिलं, आधी पुस्तक मागवा. तिघांनी मागवलं. भाचा सध्या दुसऱ्या प्रकरणात आहे आणि त्याला त्यातलं बरंच पटत नाहीये.